मोबाईलवर भारी दिसणारा फोटो कॉम्प्युटरवर लावला की का बिघडतो, आणि वॉलपेपरला कसला फोटो घ्यावा

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. जुळे सोलापूरला घरूनच अकाउंटिंगचं काम करणाऱ्या एकांनी विचारलंय. त्यांनी नवीन २४ इंची मॉनिटर घेतलाय आणि त्यावर स्वतः काढलेलाच फोटो लावायचाय. तीन फोटो लावून बघितले: गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळचा नंदीध्वजाच्या मिरवणुकीचा, उजनीच्या बॅकवॉटरला काढलेला रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगो), आणि मुलीच्या वाढदिवसाचा. तिन्ही मोबाईलवर एक नंबर दिसतात, नातेवाईकांनी पण वाहवा केली. पण डेस्कटॉपवर लावले की नंदीध्वजाच्या फोटोत आयकॉनच सापडत नाहीत, पक्ष्यांचा फोटो फुटतो आणि मुलीचं कपाळच कापलं जातंय. मग वॉलपेपरसाठी चांगला फोटो ओळखायचा कसा, असा प्रश्न आहे.

मी वीसेक वर्षं फोटोग्राफी करतोय, त्यातलं बरंचसं काम चादरी आणि टॉवेलच्या कॅटलॉगचं, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी. त्या निमित्तानं त्यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लावायला पण फोटो मागतात, आणि लावून दिलेला फोटो पुढच्या खेपेला गेलं की तसाच आहे का बदललाय हे मी आवर्जून बघतो. कुठले टिकले आणि कुठले आठवड्यात उतरले यावरून जे कळलं तेच सांगतो.

पहिली गोष्ट, तुमचे तिन्ही फोटो चांगलेच असणार. बिघडतंय ते वेगळ्या ठिकाणी. मोबाईलवरचा फोटो तुम्ही दोन-चार सेकंद बघता, अख्खा बघता, त्याच्यावर दुसरं काही नसतं. वॉलपेपर दिवसभर समोर असतो, तुकड्या-तुकड्यात दिसतो, आणि त्याच्यावर आयकॉन, फोल्डर, टॅली, एक्सेल, ब्राउझर असं सगळं येऊन बसतं. दुकानात चादर उलगडून दाखवतात तेव्हा मधला मोर केवढा उठून दिसतो, पण तीच चादर घरी दिवाणावर टाकली आणि चार पाहुणे येऊन बसले की मोर दिसतच नाही, दिसतात ते काठ आणि बाजूचा रंग. वॉलपेपरचं अगदी असंच आहे, पाहुणे बसल्यावर काय दिसतं ते बघून निवडायचं. म्हणजे फोटो किती सुंदर आहे याच्या आधी तो मागं शांत राहू शकतो का हे बघायचं.

आता यात बरंच तुमच्या वापरावर पण आहे. डेस्कटॉपवर तुमचे चार आयकॉन आहेत का चाळीस? दिवसभर एकच विंडो फुल स्क्रीन उघडी असते का सारखं मागं-पुढं करता? मॉनिटर खिडकीसमोर आहे का भिंतीकडं? क्लायंट शेजारी बसून स्क्रीन बघतात का? ज्याच्या डेस्कटॉपवर काहीच नसतं त्यानं कसलाही फोटो लावला तरी चालतो, त्याला यातलं निम्मं वाचायची गरज नाही. पण अकाउंटिंगवाल्यांचे डेस्कटॉप मी बघितलेत, प्रत्येक पार्टीचं एक फोल्डर, रिटर्नच्या पीडीएफ, स्कॅन केलेली बिलं, डावीकडची निम्मी स्क्रीन भरलेली. तुमचं तसंच आहे असं धरून पुढचं लिहितो.

विंडोजमध्ये आयकॉन डावीकडून, वरून खाली असे लागत जातात. त्यांची नावं पांढऱ्या अक्षरात असतात आणि मागं थोडी सावली असते. मॅक असेल तर आयकॉन उजवीकडून लागतात, म्हणजे पुढचं सगळं उलटं धरा. यावरून पहिला नियम आपोआप निघतो की फोटोचा डावीकडचा एक तृतीयांश भाग शांत पाहिजे आणि थोडा गडद पाहिजे. शांत म्हणजे तिथं बारीकसारीक डिटेल नको. आकाश, पाणी, भिंत, धुकं, लांबची झाडी, नांगरलेलं रान, असं काहीतरी. आणि गडद एवढ्यासाठी की पांढरी अक्षरं उठून दिसावीत. दुपारच्या पांढुरक्या आकाशावर पांढरी अक्षरं म्हणजे चुन्याच्या भिंतीवर खडूनं लिहिल्यासारखं होतं.

नंदीध्वजाचा फोटो इथंच अडकतो. सात नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, खाली पांढऱ्या बाराबंदीतली शेकडो माणसं, त्यात फुलांचे हार, झेंडे, मागं गच्च्यांवर उभे असलेले लोक. फोटोचा एकही कोपरा रिकामा नाही आणि ती गर्दी हाच त्या फोटोचा जीव आहे. पण त्यातला प्रत्येक पांढरा ठिपका आयकॉनच्या नावाशी भांडतो. 'पार्टी लेजर' नावाचं फोल्डर बाराबंदीवर आलं की संपलं, शोधत बसा. शिवाय नंदीध्वज उभे, उंच, म्हणून आपण मोबाईल पण उभा धरूनच काढतो, आणि मॉनिटर आडवा. तो फोटो मोठा प्रिंट करून भिंतीवर लावा, तिथं तो शोभेल. डेस्कटॉपवर त्याला न्याय मिळत नाही.

मी स्वतः यात एकदा चुकलोय. एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिससाठी त्यांच्याच मालाचा क्लोजअप लावून दिला होता, जकार्ड (विणीतच नक्षी असलेलं) डिझाईन, एकेक धागा दिसेल असा शार्प. प्रिंटमध्ये तो फोटो देखणा होता. स्क्रीनवर लावल्यावर त्यात लाटा-लाटा दिसायला लागल्या, जणू काही कापड हलतंय, आणि तिथं बसणाऱ्या ताईंनी चार दिवसात सांगितलं की डोकं दुखतंय, काढून टाका. त्याला मॉइरे म्हणतात. कापडाच्या धाग्यांची बारीक जाळी आणि स्क्रीनच्या पिक्सेलची (बारीक ठिपक्यांची) जाळी एकमेकांवर आली की तिसरीच नक्षी तयार होते, फोटो लहान करून बसवताना तर जास्तच. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक धरून हलवा, तसलंच. त्यामुळं विणकाम, पत्र्याच्या शेडच्या रेघा, जाळ्या, लांबून काढलेल्या विटांच्या भिंती, असलं बारीक आणि सारखं रिपीट होणारं काही वॉलपेपरला घेऊ नका. कापडच हवं असेल तर घडीची एक मोठी वळणदार सावली घ्या, धागे मोजता येतील असं नको. त्या ऑफिसला मी नंतर रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घातल्याचा फोटो दिला, गडद मरून रंग, लडी फोकसच्या जरा बाहेर, आणि उजव्या टोकाला एका माणसाचा हात. पुढं बरीच वर्षं तो तिथं होता.

आता फोटो फुटण्याचं बघू, कारण तिथं निव्वळ हिशोब आहे आणि तुम्ही हिशोबाचेच आहात. तुमचा मॉनिटर बहुतेक फुल एचडी असेल, म्हणजे १९२० बाय १०८० पिक्सेल, गुणले तर २० लाख ७३ हजार ६००. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल, म्हणजे हे जेमतेम दोन मेगापिक्सेल. मोबाईलचा साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो. मग दोन मेगापिक्सेलच्या स्क्रीनवर तो फुटायलाच नको! तरी फुटतोय त्याची कारणं बहुधा दोनच. एक तर पक्षी लांब होते आणि तुम्ही झूम करून काढला. झूमची वेगळी लेन्स नसेल तर मोबाईल नुसता मधला तुकडा कापून मोठा करून देतो, पिक्सेलचा आकडा तोच दिसतो पण आत खरं डिटेल नसतं. दुसरं कारण, आणि मला तेच जास्त वाटतं, म्हणजे फोटो मोबाईलवरून कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅपनं घेतला असणार. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर येतो, वरून कॉम्प्रेशन (फाईल दाबून लहान करणं) वेगळं. १६०० चा फोटो १९२० वर ताणला की मऊ पडणारच, आणि पाण्यासारख्या सपाट भागात चौकोनी डाग दिसणार. केबलनं घ्या, गुगल ड्राईव्हवरून घ्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपच पाहिजे असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग मूळ फाईल जशीच्या तशी येते. माझ्याकडं "फोटो फुटतोय" म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं एवढ्यावर काम होतं.

फोर-के मॉनिटरचं म्हणाल तर ३८४० बाय २१६०, म्हणजे ८३ लाखाच्या आसपास पिक्सेल. तिथं पण १२ मेगापिक्सेलचा आडवा फोटो पुरतो, ४००० रुंद आहे ना, पण मग कापायला जागा राहत नाही. जुने अल्बममधले फोटो स्कॅन करणार असाल तर ४ बाय ६ इंचाची प्रिंट ३०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) १८०० बाय १२०० होते, म्हणजे फुल एचडीला पण थोडी कमीच. दुकानदाराला ६०० ला स्कॅन करायला सांगा, ३६०० बाय २४०० मिळेल.

मुलीचं कपाळ कापलं जातंय ते आकाराच्या भांडणामुळं. मोबाईलचा फोटो ४ ला ३, मॉनिटर १६ ला ९. ४००० बाय ३००० मधून १६ ला ९ काढलं तर ४००० बाय २२५० उरतं, म्हणजे वरखालचा पाव भाग गेलाच. आणि फोटो उभा काढला असेल तर ३००० रुंदीला उंची उरते १६८७, म्हणजे निम्म्याहून जास्त फोटो कापला. विंडोजमध्ये 'फिल' ऑप्शन असतो तो हे कापायचं काम स्वतःच करतो आणि मधला भाग धरतो, त्याला काय माहिती कपाळ कुठंय. 'फिट' केलं तर अख्खा फोटो दिसतो पण बाजूला पट्ट्या येतात. 'स्ट्रेच' कधीच करू नका, माणसं रुंद होतात. खरा उपाय म्हणजे फोटो ॲपमध्ये क्रॉप उघडायचं, तिथं १६:९ चा रेशो निवडायचा आणि कुठं कापायचं ते आपण ठरवायचं. दोन मिनिटांचं काम आहे. आणि हो, मूळ फोटोवर सेव्ह करू नका, वेगळ्या नावानं कॉपी करा, कापलेला भाग परत मिळत नाही.

माणसांच्या फोटोबद्दल मात्र मला वेगळं वाटतं. बरेच जण सांगतात की वॉलपेपरला माणसं नकोच. मला ते पटत नाही. घरून काम करणाऱ्याला, किंवा पुण्या-हैदराबादला नोकरीला असलेल्या आपल्या पोरांना, समोर आईचा किंवा लेकराचा चेहरा असणं ही मोठी गोष्ट आहे, त्याला आयकॉनच्या हिशोबात उडवून लावू नये. फक्त दोन गोष्टी बघायच्या. चेहरा उजवीकडच्या एक तृतीयांश भागात पाहिजे, आणि कॅमेऱ्याकडं रोखून बघणारा नसला तर उत्तम. कॅमेऱ्यात बघणारे डोळे सारखं लक्ष ओढतात, तुम्ही व्हाउचर टाकताय आणि कोणीतरी बघतंय असं वाटत राहतं. तेच मूल खेळण्यात गुंग आहे, डावीकडं खाली बघतंय, किंवा पाठमोरं खिडकीतून बाहेर बघतंय, तर त्याच्या बघण्याच्या दिशेला आपसूक मोकळी जागा असते आणि आयकॉन तिथं बसतात. वाढदिवसाच्या फोटोत फुगे, केक, पताका, मागं दहा नातेवाईक, म्हणून तो जमत नाही. त्याच दिवशीचा, सगळे गेल्यावर एकटी बसून गिफ्ट उघडतानाचा असेल तर तो काढा बघू. आणि क्लायंट शेजारी बसत असतील किंवा ऑनलाईन मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करत असाल, तर मुलीचा फोटो त्या कॉम्प्युटरवर नको, घरच्या लॅपटॉपवर ठेवा.

देवाच्या फोटोचं पण असंच विचारतात. आपल्याकडं सिद्धेश्वर महाराज, स्वामी समर्थ, विठोबा, हे कॉम्प्युटरवर असतातच. बहुतेकजण मूर्ती मधोमध असलेला फोटो लावतात आणि मग विठोबाच्या पावलावर रिसायकल बिन येतो. ज्याची श्रद्धा आहे त्याला ते खटकतं आणि खटकायलाच पाहिजे. अशा वेळी मूर्ती उजवीकडं येईल आणि डावीकडं गाभाऱ्याचा अंधार राहील असा क्रॉप घ्या, अंधार आयकॉनला उत्तम. नाहीतर मूर्तीऐवजी देवळाचा, तळ्याचा, चंद्रभागेच्या वाळवंटाचा फोटो घ्या.

तळ्याचं निघालंच आहे तर माझा अनुभव सांगतो. सिद्धेश्वर तळ्याचे माझ्याकडं शेकड्यानं फोटो असतील. त्यातले तीन मी वेगवेगळ्या लोकांना लावून दिले. पहिला गड्ड्याच्या दिवसातला, रात्रीचा, रोषणाई आणि पाण्यातलं तिचं प्रतिबिंब, बघताक्षणी सगळ्यांना आवडला. दुसरा संध्याकाळचा, देऊळ बरोब्बर मध्ये आणि वर लाल ढग. तिसरा थंडीतला सकाळचा, देऊळ उजव्या टोकाला आणि लहान, बाकी सगळं राखाडी-निळं पाणी आणि त्यात एक बारीक लाट. तिसरा दाखवला तेव्हा "यात काय आहे?" असं विचारलं होतं. रोषणाईचा आठवड्यात उतरला, कारण दिव्यांच्या ठिपक्यात आयकॉन हरवायचे. लाल ढगांचा महिनाभर चालला, मग डोळ्याला भडक वाटायला लागला. सकाळच्या पाण्याचा जिथं लावला तिथं अजून आहे, आणि ज्यांनी "यात काय आहे" विचारलं होतं तेच म्हणाले की बघायला बरं वाटतं.

यावरून आठवलं, जगात सगळ्यात जास्त स्क्रीनवर दिसलेला फोटो घ्या ना, विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी आणि निळं आकाश. चार्ल्स ओ'रिअर नावाच्या फोटोग्राफरनं १९९६ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात, सोनोमा काउंटीत, रस्त्यानं जाताना काढलेला, मोठ्या फिल्मवर चालणाऱ्या मामिया कॅमेऱ्यानं. २००१ मध्ये एक्सपी आलं आणि तो घराघरात पोचला. त्यात आहे तरी काय? एक उतार, वर आकाश, थोडे ढग. डोळा अडकेल असं एकही माणूस, झाड, घर नाही. आयकॉन कुठंही ठेवा, वाचता येतात. पावसानंतरचं ओलं गवत होतं म्हणून रंग तेवढा हिरवा, पण त्याच्यापेक्षा त्याची मोकळी जागा कामाला आली.

आणि इथं मला आपल्या लोकांना एक मनापासून सांगायचंय. सोलापूरकर मला म्हणतात, आपल्याकडं काय आहे फोटो काढायला, डोंगर नाही, समुद्र नाही, धबधबा नाही, मग गुगलवरून स्वित्झर्लंड उतरवतात. अहो, वॉलपेपरला जे लागतं ते आपल्याकडं भरपूर आहे, सपाट जमीन आणि मोठं आकाश! नान्नजच्या माळरानावर जा, माळढोक अभयारण्याच्या बाजूला. पिवळं गवत, खाली एक सरळ क्षितिज, वर नुसतं आकाश, नशीब असेल तर उजवीकडं चार काळवीट ठिपक्याएवढी. क्षितिज खालच्या एक तृतीयांशावर धरा, बास. ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस कमी पडला तरी ढग काय भारी येतात आपल्याकडं, निळे-काळे, जड, खालची जमीन उजळ आणि वरचं आकाश गडद. त्या गडद ढगांवर पांढरी अक्षरं इतकी स्वच्छ दिसतात की काही करावं लागत नाही. मंगळवेढ्याची नांगरलेली काळी रानं, मालदांडी ज्वारी कणसावर आलेली असताना सकाळी सातचं ऊन, हिप्परग्याच्या तलावाचं संथ पाणी, भुईकोट किल्ल्याच्या तटबंदीचा सावलीतला भाग. एवढं असताना स्वित्झर्लंडला कशाला जायचं. शिवाय स्वतःच्या गावचा प्रकाश ओळखीचा असतो, त्याच्याकडं बघून मन जरा थांबतं. गुगलवरून उतरवलेला फोटो बऱ्याचदा छोटी फाईल असतो, आणि तो कुणाच्या तरी मेहनतीचा असतो हे पण धरा. ऑफिसात लावायचा असेल तर ज्याचा आहे त्याला विचारावं.

उजेडाचं सांगायचं राहिलं. आपल्याकडं उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा असतो, दारं-खिडक्यातून उन्हाचा झोत येतो, आणि मॉनिटर खिडकीसमोर असेल तर फार काळा फोटो आरसा होतो, त्यात तुमचाच चेहरा आणि मागची खिडकी दिसते. अशा खोलीत मध्यम उजेडाचा फोटो घ्या. उलट रात्री काम करणाऱ्यांनी पांढरेशुभ्र फोटो टाळावेत, विंडो मिनिमाइज केली की डोळ्यावर टॉर्च मारल्यासारखं होतं. काळा वॉलपेपर लावला की वीज वाचते असं बरेच जण म्हणतात, पण साध्या एलसीडी मॉनिटरला मागचा दिवा चालूच असतो, त्यामुळं काळ्यानं तिथं वीज वाचत नाही. ओएलईडी स्क्रीनला वाचते, कारण तिथं प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो. आणि ओएलईडी असेल तर एकच भडक फोटो महिनोन्महिने ठेवू नका, डाग बसायची भीती असते.

निवडताना मी एक साधी गोष्ट करतो. फोटो स्क्रीनवर लावायचा, खुर्ची चार पावलं मागं घ्यायची आणि डोळे किलकिले करायचे. बारीक डिटेल गेलं की दोन-तीन मोठे आकार उरतात, हा गडद पट्टा, हा उजळ पट्टा, हा एक ठिपका. एवढंच उरलं तर फोटो चालतो. सगळीकडं गिचमिड दिसली तर नाही चालत, कितीही आवडता असला तरी. मग खुर्ची पुढं घेऊन एक दिवस नेहमीचं काम करायचं. संध्याकाळपर्यंत एखादं फोल्डर शोधताना दोनदा थांबलात तर फोटो बदला.

फोटो आवडता आहे पण जरासा भडक आहे, तर टाकून द्यायच्या आधी थोडं एडिटिंग करून बघा. मोबाईल फोटो मुळातच चढवून देतो, रंग जास्त, शार्पनेस जास्त, कारण छोट्या स्क्रीनवर तसंच उठून दिसतं. वॉलपेपरसाठी कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधारातला फरक) आणि सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) थोडं उतरवा, शार्पनेस वाढवू तर नकाच. डावीकडून आत येणारी हलकी काळी सावली देता आली, स्नॅपसीड वगैरे फोटो ॲपमध्ये ब्रशनं होतं, तर आयकॉनचा प्रश्न तिथंच सुटतो. सावली इतकी हलकी पाहिजे की बघणाऱ्याला ती दिली आहे हे कळू नये. सेव्ह करताना आकाश, धुकं, पाणी असलेला फोटो जेपीजीऐवजी पीएनजी या फाईल प्रकारात करा. विंडोज जेपीजी वॉलपेपरची स्वतःची एक कॉपी बनवतं आणि त्यात परत थोडं कॉम्प्रेशन होतं, बाकी फोटोत ते कळत नाही पण सपाट आकाशात पट्टे दिसतात.

फोटो आपोआप बदलत राहावेत असं काहींना वाटतं, विंडोजमध्ये स्लाईड शोला एक मिनिटापासून एक दिवसापर्यंत वेळ ठेवता येतो. ठेवायचाच तर एक दिवस ठेवा. दर दहा मिनिटांनी मागचं चित्र बदललं की नजर तिकडं जातेच आणि आकड्यांच्या कामात ते महागात पडतं. मी वर्षाला चार-पाचच फोटो ठेवतो, ऋतूप्रमाणं. एप्रिल-मे मध्ये पाण्याचा, पावसाळ्यात ढगांचा, हुरड्याच्या दिवसात ज्वारीचा. बाहेर ४३ डिग्री असताना समोर तळ्याचं पाणी असणं याचं सुख वेगळंच आहे.

दोन मॉनिटर असतील तर मुख्य स्क्रीनवर शांत फोटो ठेवा आणि बाजूच्या स्क्रीनवर, जिथं आयकॉन नसतात, तिथं मनाला येईल तो. तुमचा जुना मॉनिटर अजून असेल तर नंदीध्वजाचा फोटो तिथं लावता येईल, खरंच.

आता तुमच्या तीन फोटोंचं माझ्या मते काय करावं ते सांगतो. सुरुवात उजनीच्या फोटोनं करा, मला तो सगळ्यात आशेचा वाटतो. मूळ फाईल मोबाईलमधून केबलनं घ्या आणि झूम न करता काढलेला असेल तो शोधा, ज्यात पक्षी लांब आणि बारीक आहेत आणि जो तुम्ही "यात काही दिसत नाही" म्हणून कुणाला पाठवला नसेल. गुलाबी रेघेसारखा थवा उजवीकडं येईल आणि डावीकडं नुसतं पाणी राहील असा १६:९ मध्ये कापा. पाणी फार उजळ असेल तर जरा गडद करा. मुलीसाठी गॅलरीत परत शोधा, वाढदिवसाच्या दिवसाचा हट्ट धरू नका, ती आपल्याच नादात असलेला, आडवा, बाजूला जागा असलेला एखादा तरी असेलच. नसेल तर या रविवारी सकाळी मोबाईल आडवा धरून, तिच्या डावीकडं भरपूर भिंत किंवा पडदा सोडून, तिला न सांगता दहा-बारा काढा. नंदीध्वजाचा १२ बाय १८ इंचाचा प्रिंट काढून मॉनिटरच्या वरच्या भिंतीवर लावा, मान वर केली की दिसेल आणि फोल्डरं पण सापडतील. प्रिंटवाल्याला मूळ फाईल द्या, व्हॉट्सअ‍ॅपवरची नको.